नाटक मंडळीतून घराघरांत

फेलिसिटी केंडल पहिल्यांदा रंगमंचावर आल्या तेव्हा त्यांना पाऊलही टाकता येत नव्हते. शेक्सपियरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये पऱ्यांचा राजा आणि राणी यांच्यात एका लहान मुलावरून भांडण जुंपते. ते मूल म्हणून नऊ महिन्यांच्या फेलिसिटीला कडेवर घेऊन प्रवेशात आणले गेले. नाटकातले हे मूल हिंदुस्थानातल्या एका राजाचे आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, भारतात वाढलेल्या आणि पुढे ब्रिटिश दूरचित्रवाणीवर अस्सल इंग्लिश शेजारीण म्हणून लोकांच्या मनात बसलेल्या या अभिनेत्रीची सुरुवात अशी एका हिंदुस्थानी मुलाच्या भूमिकेने झाली.

त्यांचे नाव निघाले की ब्रिटनमध्ये आजही ‘द गुड लाइफ’ ही मालिका आठवली जाते. १९७५ ते १९७८ या काळात तिचे अवघे ३० भाग झाले. त्या भागांत दिसणारा सहजपणा स्टुडिओत जन्मला नव्हता. आगगाडीने, बोटीने, प्रसंगी बैलगाडीने गावोगाव हिंडणाऱ्या एका नाटक मंडळीत तो घडला होता. फेलिसिटी केंडल यांची कारकीर्द समजून घ्यायची तर त्या मंडळीपासूनच सुरुवात करावी लागते.

केंडल घराणे

फेलिसिटी यांचा जन्म २५ सप्टेंबर १९४६ रोजी इंग्लंडमधल्या वॉरिकशायर परगण्यातल्या ऑल्टन येथे झाला. वडील जेफ्री केंडल आणि आई लॉरा लिडेल हे दोघेही नाटकवाले. जेफ्री यांचे मूळ आडनाव ब्रॅग. वेस्टमोरलंडमधल्या केंडल या आपल्या जन्मगावाचे नाव त्यांनी रंगभूमीसाठी घेतले आणि तेच घराण्याचे आडनाव झाले. थोरली मुलगी जेनिफर फेलिसिटीपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी होती. दोघी बहिणींमधले हे अंतर इतके होते की धाकटीला समज आली तेव्हा थोरली मंडळीची प्रमुख नायिका झालेली होती.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी ब्रिटिश सरकारच्या आश्रयाने नाट्यपथके परदेशी पाठवली जात. अशाच एका पथकाबरोबर केंडल दांपत्य भारतात आले आणि या देशाने त्यांना ओढ लावली. १९४७ मध्ये ते स्वतःची मंडळी घेऊन पुन्हा आले. या मंडळीचे नाव ‘शेक्सपियराना’. ज्या वर्षी इंग्रज राज्य आवरून निघाले, त्याच वर्षी हे इंग्रज कुटुंब शेक्सपियरची नाटके घेऊन भारतभर फिरत होते. फेलिसिटी सात वर्षांची असताना कुटुंबाने भारतात दीर्घ मुक्काम ठोकला. तिचे पुढचे सारे बालपण आणि किशोरवय इथेच गेले.

फिरती मंडळी

‘शेक्सपियराना’चा कारभार आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्यांसारखा होता. मालक हाच मुख्य नट, त्याची पत्नी मुख्य नटी, मुली घरच्या, आणि बाकीचे कलावंत मिळून एकच मोठे बिऱ्हाड. सामान ट्रंकांमध्ये भरायचे, गाडी पकडायची, मुक्कामाला पोहोचायचे, मिळेल त्या जागेत पडदे टांगायचे, खेळ करायचा आणि पुन्हा सामान बांधायचे. आज एखाद्या संस्थानिकाच्या राजवाड्यात खेळ, तर उद्या आडगावच्या शाळेत. प्रेक्षकांत विद्यार्थ्यांची संख्या मोठी असे. शेक्सपियरबरोबर बर्नार्ड शॉचीही नाटके होत. मंडळीत इंग्रज होते तसे भारतीय कलावंतही होते. पुढे बंगाली रंगभूमीचे एक आधारस्तंभ ठरलेले उत्पल दत्त उमेदवारीच्या काळात याच मंडळीत काम करून गेले.

या दौऱ्यांचा परिणाम कुठवर पोहोचला, याचे एक उदाहरण नसीरुद्दीन शाह यांचे आहे. नैनितालच्या सेंट जोसेफ्स शाळेत असताना त्यांनी जेफ्री केंडल यांचे प्रयोग पाहिले. आपण नट व्हावे ही ओढ त्या प्रयोगांनी कशी लावली, ते त्यांनी आत्मचरित्रात कृतज्ञतेने सांगितले आहे.

शेक्सपियर इथल्या मातीला नवा नव्हता. मराठीत गोपाळ गणेश आगरकरांचे ‘विकारविलसित’ आणि गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ एकोणिसाव्या शतकातच आले होते. गणपतराव जोशींचा हॅम्लेट पाहिलेली पिढी त्याच्या आठवणी सांगत असे. केंडल मंडळी भारतात फिरत होती त्याच सुमारास, १९५४ मध्ये, वि. वा. शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिले. म्हणजे ज्या देशात शेक्सपियर आपापल्या भाषेत रुजला होता, तिथे ही मंडळी त्याला मूळ इंग्रजीत घेऊन हिंडत होती. शाळकरी मुलांना ही कथानके निदान ऐकून तरी ठाऊक असत. इंग्रजीचा प्रत्येक शब्द कळला नाही तरी नाटक पकडून ठेवत असे. नटाने मात्र शब्दांच्या पलीकडे जाऊन आवाज, नजर आणि हालचाल यांनी अर्थ पोहोचवला पाहिजे, अशी ही परीक्षा होती.

फेलिसिटी या परीक्षेत लहानपणापासून बसत होती. तिचे शिक्षण लोरेटो संस्थेच्या सहा वेगवेगळ्या कॉन्व्हेंट शाळांत झाले. मंडळीचा मुक्काम हलला की शाळाही बदलत असे. नऊ वर्षांची असताना तिने ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला खोडकर पक रंगवला. मग वयानुसार भूमिका वाढत गेल्या. नाट्यविद्यालयाचे तोंड तिने कधी पाहिले नाही. संवाद पाठ करणे, विंगेत वेळेवर उभे राहणे, दुसऱ्याचा घसरलेला प्रवेश सावरणे, वेशभूषेची इस्त्री करणे, तापातही प्रयोग न चुकवणे, हाच तिचा अभ्यासक्रम होता. सतरा वर्षांची असताना कोलकात्यात तिला विषमज्वर झाला. त्या दुखण्यातून उठून ती पुन्हा मंडळीत उभी राहिली.

मधल्या काळात घरात एक मोठी घडामोड झाली. पृथ्वीराज कपूर यांचा धाकटा मुलगा शशी आणि जेनिफर यांची ओळख नाटकामुळेच झाली. पृथ्वीराज यांची ‘पृथ्वी थिएटर्स’ ही मंडळीही गावोगाव फिरणारी होती. शशी कपूर काही काळ ‘शेक्सपियराना’त इंग्रजी नाटकांतून कामे करू लागले. जेफ्री केंडल यांना हे लग्न पसंत नव्हते, कारण त्यांच्या मंडळीची मुख्य नायिका त्यामुळे दुरावत होती. तरीही जुलै १९५८ मध्ये दोघांनी लग्न केले. जेनिफर मुंबईकर झाली. मंडळीतली तिची जागा हळूहळू धाकटीकडे आली.

‘शेक्सपियरवाला’

१९६०च्या दशकात मंडळीला उतरती कळा लागली. संस्थाने गेली होती, शाळांचे अग्रक्रम बदलले होते आणि लोकांची करमणूक सिनेमाने व्यापली होती. नेमक्या या वळणावर दिग्दर्शक जेम्स आयव्हरी आणि निर्माते इस्माईल मर्चंट यांनी या मंडळीवरून चित्रपट काढायचे ठरवले. कथेला जेफ्री केंडल यांच्या १९४७ सालच्या डायरीचा आधार होता. पटकथा रूथ प्रवर झाबवाला यांची, छायाचित्रण सुब्रत मित्र यांचे आणि संगीत सत्यजित राय यांचे. कमी खर्चात, कृष्णधवल चित्रित झालेला ‘शेक्सपियरवाला’ १९६५ मध्ये आला.

चित्रपटातल्या मंडळीचे मालक आणि त्यांची पत्नी झाले खुद्द जेफ्री आणि लॉरा. त्यांची मुलगी लिझी झाली फेलिसिटी. लिझी ज्या भारतीय तरुणाच्या प्रेमात पडते, त्या संजूची भूमिका तिच्या मेहुण्याने, म्हणजे शशी कपूर यांनी केली. संजूची दुसरी मैत्रीण, सिनेमातली नटी मंजुळा, मधुर जाफरी यांनी रंगवली आणि त्यासाठी त्यांना बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. जेनिफर एका छोट्या भूमिकेत दिसल्या आणि उत्पल दत्त महाराजा झाले. एका घराची गोष्ट त्याच घरातल्या माणसांनी पडद्यावर साकारली, असे क्वचितच घडते.

अठरा-एकोणीस वर्षांच्या फेलिसिटीचा अभिनय या चित्रपटात पाहण्यासारखा आहे. लिझी फार बोलत नाही. रंगमंचावर ती शिकवलेल्या पद्धतीने, स्वच्छ आवाजात संवाद म्हणते, आणि पडद्यामागे आली की तिचा चेहरा पार बदलतो. तो एखाद्या उत्सुक, थोड्या गोंधळलेल्या मुलीचा होतो. कॅमेऱ्यासमोर काही न करता नुसते असणे तिला इतक्या लवकर साधले होते. चित्रपटाच्या शेवटी लिझीला बोटीने इंग्लंडला पाठवले जाते. तिच्यासाठी तो देश जवळजवळ परका आहे. फेलिसिटी यांच्या आयुष्यातही पुढचे पाऊल तेच होते. इंग्लंडला जाण्याचा त्यांचा निर्णय वडिलांना रुचला नाही, पण त्या गेल्या.

लंडनमधली पहिली दहा वर्षे

चित्रपटाचे कौतुक झाले तरी लंडनमध्ये कोणी त्यांची वाट पाहत नव्हते. नाट्यविद्यालयाचे प्रमाणपत्र नाही, इंग्लंडमधल्या नाटकघरांचा अनुभव नाही. भारतातल्या शेकडो प्रयोगांना तिथे कोणी जमेस धरत नव्हते. सुरुवातीचे काम मिळाले ते दूरचित्रवाणीत. १९६६ मध्ये बीबीसीच्या ‘द मेफ्लाय अँड द फ्रॉग’ या नाटकात त्यांनी जॉन गिलगुड यांच्यासमोर काम केले. शेक्सपियरच्या भूमिकांसाठी जगभर नावाजलेल्या नटासमोर उभे राहण्याची संधी सुरुवातीलाच मिळाली, हे त्यांचे भाग्य. १९६७ मध्ये ‘मायनर मर्डर’ या नाटकातून त्या लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर आल्या.

त्या काळी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर एकेका कथेची स्वतंत्र नाटके मोठ्या संख्येने होत. कादंबऱ्यांची मालिकारूपे होत. नव्या नटांना तिथे रोजचे काम मिळे, आणि चार-पाच दिवसांच्या तालमीत भूमिका उभी करण्याची सवय लागे. फिरत्या मंडळीत वाढलेल्या फेलिसिटी यांना हा वेग मानवला. १९७५ मध्ये ‘एडवर्ड द सेव्हन्थ’ या भव्य मालिकेत त्यांनी राणी व्हिक्टोरियाची थोरली मुलगी व्हिकी साकारली.

त्यांच्या कारकिर्दीला खरे वळण दिले ते ॲलन एकबर्न यांच्या ‘द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स’ या नाट्यत्रयीने. एकाच घरात, एकाच शनिवार-रविवारी घडणाऱ्या घटना या तीन नाटकांत तीन ठिकाणांहून दिसतात. एक नाटक जेवणघरात घडते, दुसरे बैठकीच्या खोलीत आणि तिसरे बागेत. १९७४ मध्ये ही त्रयी लंडनमध्ये गाजली. टॉम कोर्टनी, मायकेल गॅम्बन, पेनेलोपी विल्टन, पेनेलोपी कीथ अशी कसलेली मंडळी त्यात होती. आजारी आईच्या सेवेत घराबाहेर पडायचे राहून गेलेली ॲनी फेलिसिटी यांनी केली. बीबीसीच्या एका नव्या विनोदी मालिकेसाठी त्याच वेळी नट शोधले जात होते. या प्रयोगांतून दोन अभिनेत्री निवडल्या गेल्या. एक पेनेलोपी कीथ आणि दुसरी फेलिसिटी केंडल.

‘द गुड लाइफ’

जॉन एसमंड आणि बॉब लार्बी यांनी लिहिलेली ही मालिका ४ एप्रिल १९७५ रोजी सुरू झाली. कथा साधी. टॉम गुड हा कंपनीत आराखडे काढणारा नोकरदार. न्याहारीच्या पोह्यांच्या पाकिटात फुकट मिळणारी प्लास्टिकची खेळणी तो आखतो. चाळिसाव्या वाढदिवशी तो नोकरी सोडतो. पत्नी बार्बरा आणि तो मिळून ठरवतात की आता बाजारावर अवलंबून राहायचे नाही. लंडनच्या सर्बिटन या सुखवस्तू उपनगरात, आपल्या बंगलीच्या पुढच्या-मागच्या बागेत ते बटाटे लावतात, डुकरे, कोंबड्या आणि जेराल्डिन नावाची शेळी पाळतात, घरी दारू गाळतात. शेजारी जेरी आणि मार्गो लेडबेटर हे दांपत्य राहते. जेरी टॉमच्याच कंपनीत वर चढलेला, आणि मार्गोला गल्लीची प्रतिष्ठा जिवापाड प्यारी. टॉम झाले रिचर्ड ब्रायर्स, जेरी झाले पॉल एडिंग्टन, मार्गो झाल्या पेनेलोपी कीथ आणि बार्बरा फेलिसिटी केंडल.

मालिकेला काळाची साथ होती. १९७३च्या तेलटंचाईने ब्रिटनचे कंबरडे मोडले होते. १९७४च्या सुरुवातीला वीज वाचवण्यासाठी कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालवावे लागले. १९७५ मध्ये महागाई वर्षाला २४ टक्क्यांच्या आसपास वाढली. पगार पुरेनासा झाला, तेव्हा आपल्या बागेत आपले अन्न पिकवण्याचे स्वप्न अनेकांना पडू लागले होते. टॉम आणि बार्बरा ते स्वप्न प्रेक्षकांच्या वतीने जगत होते.

चित्रीकरणाची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे, कारण फेलिसिटी यांचे सामर्थ्य तिथेच दिसते. अशा मालिकेचा एक भाग आठवडाभर तालमीत बसवत. मग एका संध्याकाळी बीबीसीच्या स्टुडिओत शेकडो प्रेक्षक बोलावून, एकामागून एक प्रवेश करत, अनेक कॅमेऱ्यांनी तो टिपत. बागेतले बाहेरचे प्रसंग आधीच चित्रित केलेले असत. त्यासाठी नॉर्थवुड इथल्या एका खऱ्या घराची बाग खणून काढली होती. स्टुडिओतल्या नटापुढे दोन प्रेक्षक असत. एक समोर खुर्च्यांवर बसलेला, ज्याचे हसू थांबेपर्यंत पुढचे वाक्य बोलायचे नाही. दुसरा म्हणजे हातभर अंतरावरचा कॅमेरा, ज्याच्यासाठी भुवईसुद्धा जास्त उचलायची नाही. पहिल्यासाठी मोठे करावे तर दुसऱ्याला खोटे वाटते, आणि दुसऱ्यासाठी लहान करावे तर पहिल्यापर्यंत पोहोचत नाही. राजवाड्यापासून शाळेच्या सभागृहापर्यंत दररोज वेगळ्या प्रेक्षकांचा अंदाज घेत वाढलेल्या मुलीला हा तोल सांभाळणे अंगवळणी पडले होते.

बार्बरा ही भूमिका कागदावर सर्वांत अवघड होती. टॉमकडे कल्पना आहेत, मार्गोकडे तोरा आहे, जेरीकडे तिरकस वाक्ये आहेत. बार्बराकडे उरते ते नवऱ्याच्या वेडाला साथ देणे. फेलिसिटी यांनी तिला केवळ साथीदार होऊ दिले नाही. मातीने बरबटलेले गमबूट, जुनापाना स्वेटर, थोडा घोगरट आवाज आणि डोळ्यांतली मिश्कील चमक यांतून त्यांनी एक अशी बाई उभी केली, जिने हे आयुष्य स्वतः निवडले आहे. टॉम हट्टाला पेटला की ती त्याला थांबवते. दमली की चिडते. नव्या कपड्यांची आठवण आली की तिला रडू येते, आणि तेही ती लपवत नाही.

२६ डिसेंबर १९७७ रोजी दाखवलेला नाताळचा भाग या चौघांची सर्वोत्तम कामगिरी मानला जातो. मार्गोने दुकानातून मागवलेले नाताळचे झाड सांगितल्यापेक्षा काही इंच कमी भरते, म्हणून ती गाडीच परत पाठवते. गाडीबरोबर सणाचे सगळे सामान परत जाते. लाज राखण्यासाठी ती घरात कांजिण्या झाल्याचे सांगून दार लावून बसते. शेवटी टॉम आणि बार्बरा शेजाऱ्यांना आपल्या घरी बोलावतात. तिथे सजावट घरगुती, दारू घरची, आणि टोप्या वर्तमानपत्राच्या कागदाच्या. मार्गोला आपली टोपी खालच्या दर्जाच्या वर्तमानपत्राची चालत नाही, तिला ‘डेली टेलिग्राफ’चीच हवी असते. गंमत मार्गोची असते, पण त्या प्रवेशाची ऊब बार्बराकडून येते. पाहुण्याचा संकोच ओळखून त्याला हळूच सामावून घेणारी यजमानीण फेलिसिटी यांनी एकही मोठी हालचाल न करता दाखवली आहे.

१९७८ मध्ये मालिकेचा शेवटचा खास भाग राणी एलिझाबेथ यांच्या उपस्थितीत चित्रित झाला आणि १० जून रोजी दाखवला गेला. त्यानंतर निर्मात्यांनी मालिका थांबवली. ती भरात असताना थांबली, म्हणून तिची चव टिकली. अमेरिकेत ती ‘गुड नेबर्स’ या नावाने दाखवली गेली.

प्रतिमेची किंमत

एवढ्या लोकप्रियतेची किंमतही मोजावी लागली. वर्तमानपत्रांनी फेलिसिटी यांना गोड, गोंडस अशी विशेषणे चिकटवली. १९८१ मध्ये त्यांना ‘रिअर ऑफ द इयर’ हा, शरीराच्या मागच्या भागाच्या सौष्ठवासाठी दिला जाणारा किताब मिळाला. त्याच सुमारास त्या नॅशनल थिएटरमध्ये शेक्सपियरची डेस्डिमोना साकारून आल्या होत्या. एका अभिनेत्रीकडे तेव्हाची प्रसारमाध्यमे कशा नजरेने पाहत होती, याची ही लाजिरवाणी साक्ष आहे.

त्यांनी उत्तर दिले ते कामातून. कार्ला लेन यांच्या ‘सोलो’ या १९८१ मधल्या मालिकेत त्या जेमा झाल्या. जोडीदाराने फसवल्यावर नाते आणि नोकरी दोन्ही सोडून स्वतःच्या पायावर उभी राहणारी ही तिशीतली स्त्री. विनोदी मालिकेत एकटेपणाला एवढी जागा मिळणे तेव्हा नवे होते. लेन यांच्याच ‘द मिस्ट्रेस’ या १९८५ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत त्या विवाहित पुरुषाच्या प्रेयसीच्या भूमिकेत दिसल्या. बार्बराला घरातलीच मानणाऱ्या काही प्रेक्षकांना ते पचले नाही. १९९४ मधल्या ‘हनी फॉर टी’ या मालिकेत त्यांनी अमेरिकन स्त्री साकारली. ती मालिका सात भागांत आटोपली आणि ते अपयशच होते. पण ‘द कॅमोमाइल लॉन’ या १९९२ मधल्या युद्धकालीन मालिकेत, पीटर हॉल यांच्या दिग्दर्शनाखाली, त्यांनी हेलिना या कठोर, अतृप्त स्त्रीचे जे चित्र काढले, त्यात बार्बराचा मागमूसही नव्हता. विशेष म्हणजे तिच्या नवऱ्याच्या भूमिकेत जुने शेजारी पॉल एडिंग्टन होते.

रंगभूमी आणि स्टॉपर्ड

दूरचित्रवाणीने नाव दिले तरी फेलिसिटी यांनी रंगभूमी सोडली नाही. १९७९ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये पीटर शाफर यांचे ‘अमेडियस’ पहिल्यांदा झाले, तेव्हा पॉल स्कोफील्ड सॅलिएरी होते, सायमन कॅलो मोझार्ट होते आणि मोझार्टची पत्नी कॉन्स्टान्झे फेलिसिटी होत्या. १९८९ मध्ये ‘मच अडू अबाउट नथिंग’ आणि चेखवचे ‘इव्हानोव्ह’ या दोन नाटकांतल्या भूमिकांसाठी त्यांना ‘इव्हनिंग स्टँडर्ड’चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये सीबीई हा सन्मान त्यांना देण्यात आला.

या प्रवासात नाटककार टॉम स्टॉपर्ड यांचे स्थान वेगळे आहे. ‘ऑन द रॅझल’, ‘द रिअल थिंग’, ‘हॅपगुड’, ‘आर्केडिया’ अशा त्यांच्या एकामागून एक नाटकांचे पहिले प्रयोग फेलिसिटी यांना घेऊन झाले. स्टॉपर्ड यांचेही बालपण भारतात गेले होते. चेकोस्लोव्हाकियातून नाझी आक्रमणामुळे परागंदा झालेले हे कुटुंब १९४२ मध्ये भारतात आले आणि लहानगा टॉम दार्जिलिंगच्या शाळेत शिकला. १९४६ मध्ये तो इंग्लंडला गेला. त्याच वर्षी फेलिसिटी यांचा जन्म झाला.

दोघांच्या भारतातून एक श्रुतिका जन्मली. १९९१ मध्ये बीबीसी रेडिओवर झालेल्या ‘इन द नेटिव्ह स्टेट’मध्ये फ्लोरा क्रू ही इंग्रज कवयित्री १९३० साली एका संस्थानात येते, एक भारतीय चित्रकार तिचे चित्र काढतो, आणि तिचा इथेच अंत होतो. पन्नासहून अधिक वर्षांनी तिची धाकटी बहीण, आता म्हातारी झालेली मिसेस स्वान, इंग्लंडमध्ये बसून तिच्या आठवणी जागवते. फ्लोरा झाल्या फेलिसिटी. मिसेस स्वान झाल्या थोर अभिनेत्री पेगी ॲशक्रॉफ्ट, आणि ती त्यांची शेवटची भूमिका ठरली. श्रुतिका फेलिसिटी यांना अर्पण केलेली आहे. १९९५ मध्ये तिचे ‘इंडियन इंक’ हे नाटक झाले. त्यातही फ्लोरा फेलिसिटीच होत्या. हे नाटक स्टॉपर्ड यांनी फेलिसिटी यांच्या आई लॉरा केंडल यांच्या स्मृतीला अर्पण केले.

मुंबईतली बहीण

फेलिसिटी लंडनमध्ये नावारूपाला येत असताना जेनिफर मुंबईत एक मोठे काम उभे करत होत्या. पृथ्वीराज कपूर यांच्या स्मरणार्थ जेनिफर आणि शशी कपूर यांनी जुहूला ‘पृथ्वी थिएटर’ बांधले. वास्तुरचनाकार वेद सेगन यांच्याशी बसून जेनिफर यांनी त्याचा तपशील ठरवला. प्रेक्षक तिन्ही बाजूंनी नटाला वेढून बसतील, कुजबुजही शेवटच्या रांगेपर्यंत जाईल, असे हे २०० आसनांचे छोटे नाट्यगृह ५ नोव्हेंबर १९७८ रोजी सुरू झाले. उद्घाटनाचे नाटक गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ होते आणि त्यात नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी होते. नैनितालच्या शाळेत जेफ्री केंडल यांना पाहून भारावलेला मुलगा त्यांच्या मुलीने बांधलेल्या रंगमंचावर, एका मराठी नाटककाराचे नाटक घेऊन पहिल्याच दिवशी उभा होता.

जेनिफर यांनी अपर्णा सेन यांच्या ‘३६ चौरंगी लेन’मध्ये एकाकी शिक्षिका व्हायोलेट स्टोनहॅम अजोड केली. जेफ्री केंडल त्यात तिचे भाऊ झाले. ७ सप्टेंबर १९८४ रोजी कर्करोगाने जेनिफर यांचा लंडनमध्ये अंत झाला. ज्या बहिणीचा हात धरून फेलिसिटी विंगेत उभे राहायला शिकल्या, ती गेली. लॉरा १९९२ मध्ये आणि जेफ्री मे १९९८ मध्ये गेले. त्याच वर्षी फेलिसिटी यांचे ‘व्हाइट कार्गो’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. वडिलांच्या अखेरच्या आजारपणात त्यांच्या उशाशी बसलेली मुलगी भारतातले बालपण आठवते, असा त्याचा आकार आहे.

पन्नाशीनंतर

दूरचित्रवाणीवर अभिनेत्रीचे वय वाढले की भूमिका आटतात, हा सर्वत्रचा अनुभव. २००३ ते २००७ या काळात आलेल्या ‘रोझमेरी अँड थाइम’ या मालिकेने तो नियम काही काळ मोडला. वनस्पतींच्या रोगांची जाणकार रोझमेरी बॉक्सर आणि नवऱ्याने टाकलेली माजी पोलीस लॉरा थाइम बागा दुरुस्त करण्याचा व्यवसाय करतात आणि ओघाने खुनांचा छडा लावतात. रोझमेरी फेलिसिटी केंडल, लॉरा पॅम फेरिस. दोन प्रौढ स्त्रियांच्या मैत्रीवर आणि कष्टावर उभ्या असलेल्या या मालिकेचे २२ भाग झाले. ‘द गुड लाइफ’मधली बाग जणू पुन्हा हाती आली, फक्त आता कुदळ उचलण्यासाठी नवऱ्याची कल्पना लागत नव्हती.

२००८ मध्ये ‘डॉक्टर हू’च्या एका भागात त्या लेडी एडिसन झाल्या. त्या पात्राचे गुपितही तरुणपणी दिल्लीत घडलेल्या प्रेमात दडलेले होते. २०१० मध्ये, ६४व्या वर्षी, ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ या नृत्यस्पर्धेत त्या उतरल्या. २०१२ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटासाठी त्यांनी भारतात शेक्सपियर कसा रुजला याचा शोध घेत पुन्हा इथला प्रवास केला.

रंगमंचावर तर त्या थांबल्याच नाहीत. सॅम्युएल बेकेट यांच्या ‘हॅपी डेज’मध्ये कमरेपर्यंत आणि मग गळ्यापर्यंत मातीत पुरलेली विनी, नोएल कॉवर्ड यांच्या ‘हे फीव्हर’मधली निवृत्त नटी, मायकेल फ्रेन यांच्या ‘नॉइजेस ऑफ’मधली फिरत्या मंडळीतली डॉटी ऑटली अशा भूमिका पन्नाशीनंतर आणि सत्तरीनंतरही त्या करत राहिल्या. त्यांचे जोडीदार, दिग्दर्शक मायकेल रडमन, मार्च २०२३ मध्ये गेले.

फेलिसिटी केंडल यांना केवळ एका मालिकेची लाडकी नायिका मानणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांच्या पिढीच्या ब्रिटिश अभिनेत्रींत दूरचित्रवाणी आणि रंगभूमी दोन्हीकडे एवढ्या सातत्याने उभ्या राहिलेल्या थोड्याच आहेत. आणि त्यांतल्या दुसऱ्या कोणाचीही जडणघडण भारतातल्या फिरत्या रंगमंचावर झालेली नाही.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस टॉम स्टॉपर्ड यांचे निधन झाले. त्यानंतर काही दिवसांतच लंडनच्या हॅम्पस्टेड थिएटरमध्ये ‘इंडियन इंक’ पुन्हा उभे राहिले. भारतात मरण पावलेल्या थोरल्या बहिणीची आठवण जपणाऱ्या मिसेस स्वानची भूमिका या वेळी ७९ वर्षांच्या फेलिसिटी केंडल यांनी केली.